भामाचा नारळ

भामा कोळणीशी माझी ओळख भांडणाने झाली. लग्न होऊन मी पनवेलला नवीन आले होते, आणि तिने मासळी बाजारात मला शिळे बोंबील गळ्यात मारले. दुसऱ्या दिवशी तेच बोंबील पिशवीत घालून मी तिच्या पाटीवर नेऊन आपटले. म्हटलं, "हे घे, तुझ्या मांजरीला घाल." भामाने पिशवीत नाक घातलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "बाय, मांजर पन नाय खानार." आणि खदखदून हसली. मग मलाही हसू आवरेना. पुढे वीस वर्षं मी दुसऱ्या कुणाकडून मासे घेतले नाहीत, आणि भांडल्याशिवाय तिच्याकडूनही घेतले नाहीत.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. ट्रंक कॉल जोडताना ओरडून ओरडून माझा आवाज खडा झालेला. आमचे हे म्हणायचे, "कुमुद, तुला टेलिफोन लागतोच कशाला? खिडकीत उभी राहून बोल, पुण्याला ऐकू जाईल." पण भामापुढे मीही फिकी पडायचे. उंच, काळीभोर बाई, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, आणि डाव्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. उजवा हात मात्र रिकामा. मला वाटलं, कोयता चालवायला बरं पडत असेल. एकदा विचारलं, तर भामाने कपाळावर हात मारला.

"कोयत्यासाठी कशाला गो? उजव्या हाताच्या बांगड्या लग्नात दर्याला दिल्या. त्याने त्या सांभाळायच्या आनि आमचा मानूस घरी धाडायचा. तसा बोल हाय आमचा त्याच्याशी."

"आणि नाही धाडला तर?" मी विचारलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळं पनवेल जाणतं.

"असं बोलू नये, बाय," भामा म्हणाली, आणि त्या दिवशी तिने मला भाव कमी केला नाही.

तिच्या बाबतीत दर्याने बोल पाळला. नवरा प्रत्येक वेळी खाडीतून सुखरूप परत आला, आणि शेवटी घरात अंथरुणावर काविळीने गेला. डाव्या हातातल्या बांगड्याही मग उतरल्या. "यात दर्याचा काय दोष नाय," भामा मला सांगायची. जणू मी दर्यावर फिर्याद घेऊन आले होते.

तिला एकच मुलगा, शिवा. मोठा गोड पोरगा. मला 'ट्रंककॉल काकी' म्हणायचा आणि मी मारायला धावले की पाटीमागे लपायचा. खाडीत मासळी कमी होत चालली, तसा तो परदेशी जहाजावर खलाशी म्हणून लागला. जायच्या आधी भामाने त्याचं लग्न उरकलं. करंज्याची साळू, वीस वर्षांची, मोठ्या डोळ्यांची आणि कमी बोलणारी. हळद उतरायच्या आत भामा सुनेला घेऊन पनवेलच्या बंदरावर गेली आणि तिच्या उजव्या हातातल्या बांगड्या काढून खाडीत सोडल्या. आताच्या पोरी हे पाळत नाहीत, पण भामाच्या घरात पाळलं गेलं. शिवा जहाजावर गेला, आणि वर्षाच्या आत जहाज कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून निरोप आला की तो बेपत्ता आहे.

भामाबरोबर त्या ऑफिसात मी गेले होते. टेबलामागच्या माणसाने भिंतीवरच्या नकाशात एका ठिपक्याजवळ बोट ठेवलं. माल्टा नावाचं बेट. त्याच्या जवळून जहाज चाललं होतं, सकाळी हजेरी घेतली तेव्हा शिवा नव्हता. सगळं जहाज शोधलं, पाण्यातही शोधलं. मी इंग्रजीत तावातावाने विचारलं, बेपत्ता म्हणजे काय समजायचं आम्ही? तो म्हणाला, "बेपत्ता म्हणजे बेपत्ता, मॅडम." परत येताना भामा बसच्या खिडकीतून बाहेर बघत होती. कर्जतची की कुठली बाई शेजारी बसून मिरच्यांचे भाव सांगत होती, तिला ती मान डोलावत होती. पनवेल आल्यावर एवढंच बोलली, "बाय, माल्टाचा दर्या आमाला वळखत नाय ना?"

पुढची दोन वर्षं साळूची दशा बघवत नव्हती. ती सवाष्ण की विधवा, कोळीवाड्यात कुणाला कळेना. हळदीकुंकवाला बोलवायचं तरी पंचाईत, न बोलवायचं तरी पंचाईत. ती डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या किणकिणवत सासूशेजारी कोलंबी सोलत बसायची, आणि कुणी विषय काढला की म्हणायची, "तो येल." उलव्याचा गोरख नावाचा डंपर चालवणारा मुलगा तिच्यासाठी विचारून गेला. चांगला होता, कामाचा होता, पाण्यावर जाणारा नव्हता. साळूने त्याच्या आईला चहासुद्धा पुढे केला नाही.

"तू सांग ना तिला," मी भामाला म्हटलं. "किती दिवस त्या पोरीला अशी वाळवत ठेवणार?"

भामा माझ्यावर उसळली. "मी त्याची आय हाय! माझ्या तोंडातून कसं काढू का तो मेला? तू काढशील तुझ्या मितालीचं?" मग स्वतःच पाटीवर पाणी मारत बसली. त्या दिवशी आम्ही भांडलो नाही, आणि मला घरी जाऊन जेवण गेलं नाही.

माझी लेक मिताली तेव्हा लिबियात होती. जावई निनाद तिकडे एका प्रकल्पावर इंजिनिअर. मिताली पोटुशी, डॉक्टरने प्रवासाला साफ मनाई केलेली, तेव्हा बाळंतपणाला मलाच जाणं भाग होतं. आता लिबियावर त्या काळी विमानबंदी. म्हणजे आधी माल्टाला उतरायचं आणि तिथून जहाजाने पलीकडे जायचं. हे मी बाजारात सांगितलं मात्र, भामाचा कोयता सुरमईच्या मानेवर अडकला तो अडकलाच.

त्या संध्याकाळी ती आमच्या घरी आली. एरवी मागच्या दाराने हाक मारणारी बाई, त्या दिवशी पुढच्या दाराने येऊन खुर्चीवर बसली. मागे साळू दाराला धरून उभी. भामाने पदरातून एक नारळ काढला. शेंडीवाला, वजनदार, हळदकुंकू लावलेला.

"बाय, हा तिकडच्या दर्याला घाल. साळूच्या बांगड्या आमी आमच्या खाडीत दिल्या. त्या दर्याला आमचं कोन म्हाईत हाय? त्याला कवा कोनी आमचा नारळ घातला नाय. म्हनून मी त्याला इचारते हाय. नारळ त्याने नेला, तर माझा शिवा त्याने नेला. मंग मी साळूला मोकळी करनार. आनि नारळ परत आला तर शिवा जित्ता हाय, मंग आमी दोघी वाट बघू. मरेपत्तर बघू."

मी म्हटलं, "भामे, अगं असं नारळावर कुठं..."

"मना खरं सांगायचं. जसं होईल तसंच. गोड करून नाय."

"परत येल तो," साळू दारातून म्हणाली. तेवढंच.

मग काय, डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा आणि भामाचा नारळ घेऊन निघाले. माल्टाच्या विमानतळावर कस्टमवाल्याने तो नारळ कानाशी धरून हलवला, आतलं पाणी ऐकलं आणि माझ्याकडे असा बघू लागला, जणू मी त्यात काही लपवून आणलंय. मी म्हटलं, "गॉड, गॉड." त्याने सोडलं.

निनाद घ्यायला आला होता. पुढचं जहाज दोन दिवस उशिरा होतं. तो म्हणाला, "आई, चला, तुम्हाला इथलं मोठं चर्च दाखवतो." म्हटलं, निनादराव, मला आधी समुद्र दाखवा. तो हसला, "अहो आई, बेट आहे हे, चारी बाजूंनी तोच आहे." पण बंदरात नारळ कसा टाकणार? तिथं जहाजांच्या तेलाचे तवंग. हॉटेलच्या बाईने मग एक जागा सांगितली, खडकात शिरलेली समुद्राची खोबण, जिथे इथले लोक पोहायला जातात.

जुन्या बसने गेलो. ड्रायव्हरच्या आरशाजवळ त्यांच्या देवीची तसबीर आणि फुलं, आमच्या एसटीसारखीच. ज्या गावात उतरलो तिथे कोळ्यांच्या होड्या लागलेल्या, निळ्या-पिवळ्या रंगवलेल्या, आणि प्रत्येक होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन डोळे काढलेले. मी थांबून बघतच राहिले. तिथून पुढे दगडी बांधांमधून पायवाट. ऊन असं की पनवेलचा मे महिना बरा. माझी पाचवारी साडी काट्यांत अडकत होती, निनाद दर दहा पावलांवर "आई, जमेल ना?" विचारत होता, आणि मी त्याच्यावर खेकसत होते.

आणि मग खाली ती खोबण दिसली. घोड्याच्या नालाच्या आकाराचा पिवळा खडक, पायऱ्या पायऱ्यांनी झिजलेला, आणि मध्ये पाणी. काय पाणी हो ते! तळाचा दगड न् दगड दिसत होता. आपल्या खाडीचं गढूळ पाणी बघायची सवय, मला खरंच वाटेना की हा समुद्र आहे. खडकावर बाया-माणसं उन्हात पडलेली, अंगावर नावाला कपडे. मी नजर नारळावर ठेवली. पोरं वरून उड्या टाकत होती. माठासारखं पोट असलेला एक म्हातारा संथ पोहत होता. एवढ्या सुंदर जागी आपण कुणाच्या मरणाची विचारपूस करायला आलोय!

कडेला बसले, नारळ धुतला, कुंकू लावलं. मंत्र मला येत नाहीत. म्हटलं, "हे बघ बाबा, पनवेलच्या भामाचा शिवा तुझ्याकडे आहे का, खरं ते सांग." आणि टाकला. माझं टाकणं ते काय, हातभर लांब पडला. डुचमळला, वळला, आणि लाटेबरोबर येऊन माझ्या पायाखालच्या खडकावर टुकटुक वाजायला लागला.

मी ओरडलेच. "निनादराव, परत आला! जिवंत आहे पोरगा!"

"आई," निनाद हळूच म्हणाला, "वारा किनाऱ्याकडे आहे."

असा राग आला मला त्याचा! इंजिनिअर कुठला. पण त्याचंही खोटं नव्हतं. अशा अर्ध्यामुर्ध्या गोष्टीवर मी साळूचं आयुष्य कसं बांधून ठेवणार? वाकून नारळ उचलला. निनाद म्हणाला, मी फेकतो लांब. म्हटलं, नाही, शब्द मी दिलाय. या खेपेला दोन्ही हातांनी, सगळा जीव एकवटून फेकला. चांगला लांब गेला. जरा तरंगला, आणि हळूहळू खोबणीच्या तोंडाकडे सरकू लागला. गेला, गेला, असं म्हणत मी रडायला लागले. शिवा पाटीमागे लपून हसायचा तेच डोळ्यांसमोर येत होतं.

तेवढ्यात सप् सप् आवाज. तो माठासारखा म्हातारा झपाझप हात मारत नारळाकडे गेला, त्याने तो पकडला, उंच धरून मला दाखवला, शिडीने वर आला आणि माझ्या पायाशी आणून ठेवला. वर हसून म्हणाला, "सिन्योरा!" खडकावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझं डोकंच फिरलं. "अहो, कुणी सांगितलं होतं तुम्हाला? वाहिलेला नारळ आहे तो! कुणाचं काय चाललंय ते बघाल की नाही? आले मोठे मदत करणारे!" सगळं शुद्ध मराठीत, ट्रंक कॉलच्या आवाजात. उड्या मारणारी पोरं जागच्या जागी थांबली. म्हाताऱ्याचं हसू तोंडावरच राहिलं, पाणी टपटप गळत होतं.

निनादने मध्ये पडून त्याला इंग्रजीत सांगितलं. एक मुलगा, एक जहाज, हाच समुद्र, त्याची आई. म्हातारा ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरला. त्याने ओल्या हाताने कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रूस केला. मग मला विचारलं, नाव काय मुलाचं?

"शिवा," मी म्हटलं.

"शिवा," तो म्हणाला. दोनदा म्हणाला. मग वाकून नारळ उचलला, काखेत धरला आणि शिडीने पाण्यात उतरला. एका हाताने पोहत तो खोबणीच्या तोंडापर्यंत गेला, शेवटचा खडक ओलांडून जिथे पाणी एकदम काळंनिळं होतं तिथवर गेला. तिथे थांबला. परत वळला तेव्हा दोन्ही हात वर करून मला दाखवले. रिकामे होते. नारळ ओढीला लागून बाहेर चालला होता. दिसेनासा होईपर्यंत मी बघितला.

मग मी त्या खडकावर बसून हंबरडा फोडला. म्हातारा येऊन शेजारी बसला, ओलाच. त्याने फडक्यातून टोमॅटो घातलेला पाव काढला, मोडला, अर्धा माझ्या हातात दिला. मी खाल्ला. आत मासा होता, ताजा होता.

मितालीला मुलगी झाली. सगळं नीट पार पाडून भाद्रपदात मी पनवेलला परतले, आणि बॅगा न उघडता कोळीवाड्यात गेले. भामा दारात सुकी मासळी निवडत होती, साळू आत कोलंबी सोलत होती. मी बसले आणि जसं घडलं तसं सांगायला लागले. डोळेवाल्या होड्यांचं सांगितलं तेव्हा भामा मध्येच म्हणाली, "होड्यांना डोळे हायत, मंग माझा पोर कसा नाय दिसला त्यांना?"

पुढे सांगितलं की टाकलेला नारळ लाटेने परत आला. साळूचा हात थांबला. तिने मान वर केली, आणि त्या पोरीच्या तोंडावर असा उजेड आला की लग्नातसुद्धा मी तो पाहिला नव्हता. भामा माझ्याकडे बघतच नव्हती. ती साळूकडे बघत होती. मी दुसरी खेप सांगितली, म्हातारा सांगितला, क्रूस सांगितला, रिकामे हात सांगितले. माझा आवाज कधी नाही तो खाली गेला.

मग भामाने विचारलं, "तू नारळ कडेवरून टाकलास, बाय?"

"मग काय करणार? मला पोहता येतं?"

"कडेवरून टाकलेला नारळ परत येनारच. तो दर्या धरीतच नाय. खोल पान्यात न्यावा लागतो. कोळ्याच्या लहान पोराला पन म्हाईत हाय." मग साळूकडे वळून ती म्हणाली, "त्या म्हाताऱ्याने खोलात नेला, तोच खरा. तो गेला, साळू. शिवा गेला."

"आये..." साळू म्हणाली, आणि कोलंबीच्या हातांनीच सासूच्या गळ्यात पडली. भामा रडली नाही. सुनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला मात्र तिचा रागच आला होता. एवढा नियम होता तर आधी सांगायला काय झालं होतं? पण ती वेळ भांडायची नव्हती.

साळूच्या जुन्या बांगड्या भामाने उतरवल्या, फोडल्या नाहीत. सुतक पाळलं. आणि पुढच्या वैशाखात कासाराला घरी बोलावून तिने स्वतः साळूचा उजवा हात त्याच्यापुढे धरला. "हिकडून भर आधी. आता दर्याचा हिच्यावर हक्क नाय." साळू गोरखच्या घरी उलव्याला गेली ती दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा घालून. भामा वरमाईसारखी मिरवली, जावयाला "माझ्या लेकीला धुळीत बसवशील तर बघ" म्हणून दम दिला, आणि हळदीला सगळ्यांत मोठ्याने गायली.

त्या वर्षीच्या नारळी पुनवेला मिताली नातीला घेऊन आली होती. तिला दाखवायला आम्ही बंदरावर गेलो. वाजतगाजत सोनेरी कागद लावलेला नारळ आला, होडीत चढला, खोल पाण्याकडे निघाला. सगळा कोळीवाडा होड्यांत. भामा कुठे दिसेना. शोधत गेले तर पलीकडच्या मोडक्या पायऱ्यांवर ती एकटी उभी होती. हाक मारणार, तेवढ्यात तिने पदरातून नारळ काढला, कपाळाला लावला आणि टाकला.

कडेवरून.

भरती चढत होती. नारळ जरा लांब गेला, डुचमळला, वळला, आणि येऊन तिच्या पायाशी पायरीला टुकटुक लागला. भामा घाईघाईने वाकली. दोन्ही हातांनी तो उचलून तिने पदराने पुसला आणि छातीशी धरला. वळली तेव्हा मी तिला दिसले. साळूच्या तोंडावर तेव्हा आला होता ना उजेड, तोच होता.

"आला, बाय," ती म्हणाली. "शिवा हरवला तवापासून दर साल येतो."

मी वाकून तिच्या पदराचं ओलं टोक पिळून दिलं.

"साळूला बोलू नको हां," भामा म्हणाली, आणि नारळ पदरात बांधून घराकडे चालू लागली.